संख्या माणसावाचून असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवताना हा विषय वर्गात अनेकदा निघाला. वर्गाबाहेरही निघाला: वाचनालयात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. विचारणारे वेगळे असले तरी प्रश्न फिरून तेच येतात. ते आणि त्यांची मला पटलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत सुटणारे नाहीत.

मुळात प्रश्न काय आहे?

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. माणसाचा मागमूस नव्हता तेव्हाही त्या डोंगरात पाऊस पडत होता, दरडीवरून दगड सुटत होते. समजा एके दिवशी पाच दगड घरंगळत येऊन ओढ्यात थांबले. दगड होते, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण ते पाच होते का? मोजणारा कुणीच नसताना 'पाच' असं काही होतं का?

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात आणि बहुतेक वाद त्यामुळेच वाढतात. पहिला प्रश्न वस्तूंचा आहे: मोजणाऱ्याशिवाय वस्तूंना संख्या असते का? दुसरा प्रश्न खुद्द संख्यांचा आहे. दगड, आंबे, रुपये सगळं बाजूला ठेवलं तरी ३१७ ही मूळ संख्या आहे, म्हणजे तिला १ आणि ३१७ सोडून कशानंच निःशेष भाग जात नाही. हे आपल्याला कळण्याआधीपासून खरं होतं का? माझं म्हणणं असं की पहिल्या प्रश्नात माणसाचा थोडा हात आहे, दुसऱ्यात नाही. पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं याच म्हणण्याची तपासणी आहे.

मराठीत पाच, कन्नडमध्ये ऐदु. म्हणजे संख्या माणसांनीच केल्या ना?

नावं माणसांनी केली, चिन्हंही माणसांनी केली. बेळगावच्या गणपत गल्लीत कन्नड बोलणारं गिऱ्हाईक आणि मराठी बोलणारा दुकानदार आपापल्या भाषेत मनातल्या मनात हिशेब करतात आणि दोघांचे सुटे पैसे एकच येतात. नाव आणि नावाखालची गोष्ट वेगळी आहे, एवढं यावरून दिसतं. त्याहून जास्त काही सिद्ध होत नाही, म्हणून मी या मुद्द्यावर फार भार देत नाही.

आणे, पायली, शेर सगळं गेलंच की. मग संख्याही बदलतात म्हणायचं का?

ही मापं होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, नंतर १०० नवे पैसे झाले. आमच्या आजोबांच्या पिढीची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ असे, कारण सोळाच्या हिशेबात पाव आणि पाऊण रोज लागत. रुपयाचे किती भाग करायचे हे सरकारनं ठरवलं आणि सरकारनंच बदललं. पण १६ चे चार सारखे भाग चारचे होतात आणि १०० चे पंचवीसचे, यात सरकारला काही ठरवायला जागा नव्हती. जमिनीचंही तेच. एकराचे ४० गुंठे हा करार आहे. एक गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट धरला की त्याचे १०८९ चौरस फूट होतात, हा करार नाही, तो गुणाकार आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाही माणसांनीच आखली. ती आज आहे, लोकांनी मानली म्हणून आहे. संख्या तशाच नसतील कशावरून?

आमच्या भागात हा प्रश्न येणारच, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे राहणाऱ्याला 'मानलं म्हणून असलेली गोष्ट' म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला गेला. त्या रात्री ना डोंगर हलला ना नदी. बदलला तो कागद, आणि कागदामागे उभी असलेली शाळा, कचेरी, सातबारा आणि भाषा. माणसांच्या आयुष्यावर या गोष्टीचा किती भार पडतो हे आम्ही घराघरात पाहिलं आहे. म्हणून 'मानलेली' म्हणजे 'खोटी' असं मी कधी म्हणणार नाही. सीमा खरी आहे. पण ती माणसांच्या मानण्यावर उभी आहे. उद्या सगळ्यांनी वेगळं मानलं, संसदेनं वेगळा कायदा केला, तर ती वेगळी होईल. माणूसच उरला नाही तर तीही उरणार नाही.

आता याच वादातली एक संख्या घ्या. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. ती गावं कोणती, यादीत कुठलं गाव यावं आणि कुठलं वगळावं, हे माणसांनी ठरवलं आहे. त्यावर आयोग नेमता येतो, खटला चालवता येतो. पण ८६५ ला ५ नं भाग जातो आणि भागाकार १७३ येतो. १७३ ही मूळ संख्या आहे, तिचे पुढे भाग पडत नाहीत. हे कुठल्या आयोगानं ठरवलं? कुठलाही आयोग, कुठलंही न्यायालय, दोन्ही राज्यांची विधिमंडळं एकमतानं जरी बसली तरी ८६५ ला मूळ संख्या करू शकत नाहीत. यादीत एक गाव घातलं तर यादी ८६६ ची होईल. तेव्हाही ८६५ जिथल्या तिथेच राहील, ५ गुणिले १७३.

सीमा आणि संख्या यांच्यातला फरक मला इथे स्वच्छ दिसतो. एकीचं उत्तर माणसांच्या संमतीनं बदलतं, दुसरीचं बदलत नाही.

चपलांचा जोड एक म्हणायचा की दोन?

हा प्रश्न एका आठवीतल्या मुलीनं विचारला होता. गणिताच्या तत्त्वज्ञानातला एक मोठा प्रश्न तिला आपसूक सुचला.

अथणी भागात कोल्हापुरी चपला बनतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर असे चार जिल्हे आहेत. कारागिरासमोर चपला ठेवल्या आहेत. त्या किती? 'जोड' असं विचारलंत तर एक. 'पाय' असं विचारलंत तर दोन. चामड्याचे तुकडे, पट्टे, टाके असं विचाराल तर आणखी वेगळं उत्तर. चपला त्याच आहेत, तरी उत्तरं तीन. जर्मन गणिती गॉटलोब फ्रेगे यानं १८८४ मध्ये पत्त्यांच्या कॅटाचं उदाहरण देऊन हेच मांडलं: कॅट एक, पत्ते बावन्न. त्यातून त्यानं असं काढलं की संख्या ही नुसत्या वस्तूला चिकटलेली नसते. आपण ज्या कल्पनेखाली त्या वस्तू घेतो, त्या कल्पनेला ती लागते.

आपल्याकडे हा विचार याच्या कितीतरी आधी आणि फार बारकाईनं झाला आहे. वैशेषिक दर्शनात संख्या हा द्रव्याचा गुण मानतात. प्रत्येक वस्तूत 'एकत्व' असतं, ते कुणी पाहो वा न पाहो. पण 'द्वित्व' तसं नसतं. 'हे एक, आणि हे एक' अशी दोन्हींना एकत्र धरणारी बुद्धी व्हावी लागते. तिला अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती झाली की त्या दोन वस्तूंमध्ये द्वित्व उपजतं, आणि ती गेली की द्वित्वही जातं. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं विद्यार्थ्यांसाठी हेच एका वाक्यात बसवलं: 'द्वित्वादिकं तु सर्वत्रानित्यमेव'. दोनपासून पुढची संख्या सगळीकडे अनित्यच.

मला यातलं अर्धं पूर्ण पटतं. कशाचे गट करून मोजायचं हे विचारणारा ठरवतो, म्हणून मोजणीत माणूस आहेच. पण 'पाय किती' हा प्रश्न एकदा ठरल्यावर उत्तर दोनच येणार. तिथे विचारणाऱ्याची मर्जी चालत नाही, आणि तो डोळे मिटून झोपी गेला म्हणून ते उत्तर मिटतं असंही मला वाटत नाही. प्रश्न आपला असतो, उत्तर आपल्या हातात नसतं. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं होतं.

मग कणकुंबीचे ते दगड पाच होते की नव्हते?

'दगड' म्हणजे काय हे ठरवलं, म्हणजे मुठीएवढा धरायचा की वाळूचा कणही धरायचा हे ठरवलं, की होते. ते ठरवणारा लाखो वर्षांनी आला तरी चालतं. तो मागे वळून विचारतो, आणि उत्तर तेव्हाचंच मिळतं.

आपल्याकडच्या जुन्या गणितींनी यावर काही म्हटलं आहे का?

या मातीच्या आसपासचेच दोघे आहेत.

पहिले महावीराचार्य. जैन गणिती, नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळातले. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती पाहणाऱ्यांना या भागातल्या जैन परंपरेची ओळख असतेच. महावीराचार्यांनी गणिताची थोरवी सांगताना म्हटलं आहे की फार बोलून काय उपयोग, चराचर त्रैलोक्यात जी काही वस्तू आहे ती गणितावाचून नाही. 'यत्किञ्चिद्वस्तु तत्सर्वं गणितेन विना न हि.' यात माणसाला कळण्याची अट कुठेच नाही. पण हेच आचार्य ऋण संख्येच्या वर्गमुळाशी थांबले: ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही. पुढे युरोपात सोळाव्या शतकात त्या वर्गमुळांना हिशेबात घेतलं गेलं, आणि आज विजेच्या अभियांत्रिकीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मग ती वर्गमुळं नवव्या शतकात नव्हती का? माझ्या मते महावीराचार्यांचं विधान ज्या संख्यांबद्दल होतं त्यांच्यापुरतं आजही अचूक आहे. नंतरच्यांनी जास्त मोठा परिसर विचारात घेतला.

दुसरे भास्कराचार्य, जन्म १११४. आपलं गाव सह्य पर्वताच्या प्रदेशातलं विज्जडविड, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. ते गाव म्हणजे विजापूर असं काहीजण मानतात, तर काहीजण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. त्यांच्या बीजगणितातलं माकडांचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात घेतो. माकडांच्या टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, येईल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे. तर एकूण किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात: ५० आणि ५. पन्नासचं ठीक आहे: दहातून तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, वर फांदीवरचं एक. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन. उणे दोनाचा वर्ग चार, आणि एक मिळून पाच. गणित बरोबर जुळतं, पण उणे दोन माकडं कुठून आणायची? भास्कराचार्य सांगतात की दुसरं उत्तर इथे घेऊ नये, कारण ते या गोष्टीत बसत नाही. ऋण राशीवर लोकांची प्रतीती बसत नाही.

या ओळीवर मुलांशी बोलायला मला फार आवडतं. आचार्यांना ५ हे उत्तर दिसलं होतं. त्यांनी ते मागवलं नव्हतं आणि माकडांच्या गोष्टीत त्याला जागाही नव्हती, तरी ते समीकरणातून बाहेर आलं. माणसाची प्रतीती एका बाजूला आणि समीकरणाचं उत्तर दुसऱ्या बाजूला, असे ते दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे शेजारी ठेवले. संख्या जर नुसत्या आपल्या कल्पनेच्या असत्या, तर नको असलेलं उत्तर असं समोर येऊन उभं राहिलं नसतं.

कापरेकरांची ६१७४ ही संख्या शोध की निर्मिती?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी दाखवलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत, पुढे शून्य असलं तरी चालेल), अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान करा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथून हलत नाही.

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ घेऊन करून पाहू.
८३१० − ०१३८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

कोड देणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. तो आकडा कुठे जाऊन थांबणार हे मात्र आधीच ठरलेलं होतं.

यावर एक चांगला आक्षेप येतो. सगळा खेळ दशमान पद्धतीवर चालतो, आणि दहा तर आपल्या बोटांमुळे आले. आठ बोटांच्या माणसांनी आठाच्या पटीत लिहिलं असतं आणि त्यांना ६१७४ मध्ये काही विशेष दिसलं नसतं. हे बरोबर आहे. ६१७४ चं वैशिष्ट्य लिहिण्याच्या पद्धतीशी बांधलेलं आहे. पण 'दहाच्या पद्धतीत चार अंकांनी असं केलं तर ६१७४ येतं' हे पूर्ण वाक्य आठ बोटांच्या माणसांसाठीही खरंच राहील. पद्धत निवडली माणसांनी, परिणाम त्यांनी निवडला नाही. पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही, त्या फेऱ्यांमध्ये फिरत राहतात. आणखी सुंदर व्हावं म्हणून कापरेकरांनाही त्यात बदल करता आला नसता.

एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना तेच कसं सापडतं?

माझ्या लेखी हा सर्वांत वजनदार पुरावा आहे, म्हणून जरा सविस्तर.

छंदशास्त्रात लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येते? चार लघु, एक गुरू आणि दोन लघु, त्यात गुरू आधी, मधे किंवा शेवटी, आणि दोन गुरू. एकूण पाच. तीन मात्रांना तीन प्रकार, पाच मात्रांना आठ, सहाला तेरा. प्रत्येक नवी संख्या मागच्या दोन्हींची बेरीज असते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी हा नियम सांगितला, आणि त्यांच्याही आधी विरहांकानं. त्यांना काव्याची मोजणी करायची होती. १२०२ मध्ये इटलीतल्या फिबोनाची यानं सशांच्या वाढत्या जोड्यांचं कोडं घातलं आणि तीच माळ मिळाली: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. सूर्यफुलाच्या बोंडातल्या बियांच्या वळणदार रांगा मोजल्या तर बहुतेक वेळा एका बाजूनं ३४ आणि दुसऱ्या बाजूनं ५५ अशा याच माळेतल्या शेजारशेजारच्या संख्या मिळतात. सूर्यफूल इकडे शेतात पिकतं. कुणीही मोजून पाहावं.

दुसरं उदाहरण केरळातलं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला संगमग्रामचा माधव होऊन गेला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा, म्हणजे पायचा (π), चौथा भाग म्हणजे १ − १/३ + १/५ − १/७ आणि असंच पुढे अखंड, ही श्रेढी त्याच्या परंपरेत सापडते. युरोपात लायब्निट्झला तीच श्रेढी १६७० च्या दशकात मिळाली. दोन माणसं दोन वेगळी घरं बांधतात तेव्हा ती तंतोतंत सारखी होत नाहीत. या दोघांच्या श्रेढीत मात्र एका पदाचाही फरक नाही.

विरोधक म्हणतात, माणसाचा मेंदू सगळीकडे सारखाच, म्हणून उत्तरंही सारखी. काही अंशी मान्य. पण सूर्यफुलाला मेंदू नाही.

प्राण्यांना संख्या कळतात का?

थोड्याफार कळतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधमाश्यांनी 'काहीच नाही' हे 'एक'पेक्षा कमी म्हणून ओळखलं. पण आपल्या विषयाला जास्त उपयोगी पडते ती न कळताही पाळली जाणारी संख्या. आपल्या घाटातली कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. अमेरिकेत काही जातींचे सिकाडा नावाचे किडे जमिनीखाली १३ वर्षं, तर काही १७ वर्षं काढून एकदम बाहेर येतात. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, म्हणून त्यांचा मेळ १३ × १७ म्हणजे २२१ वर्षांनीच बसतो. असे दोन मोठे थवे १८०३ मध्ये एकत्र आले होते, नंतर २०२४ मध्ये. भक्षकांचा किंवा दुसऱ्या जातींचा मेळ टळावा म्हणून मूळ संख्या टिकल्या असाव्यात, असा एक तर्क आहे, पण तो अजून वादात आहे. २२१ चा हिशेब मात्र वादात नाही, आणि तो किड्यांनी केलेला नाही.

काही जमातींच्या भाषेत अंकच नाहीत म्हणतात. त्यांच्यापुरत्या संख्या नाहीत का?

ब्राझीलमधल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्येचे शब्द नाहीत. २००४ आणि २००८ मध्ये त्यांच्यावरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की समोर वस्तू मांडल्या तर त्यांना तितक्याच वस्तू जोडीला लावता येत, पण वस्तू झाकल्या की मोठ्या संख्येला त्यांची गफलत होई. म्हणजे संख्याशब्द हे आठवण धरून ठेवायचं साधन आहे. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या होडीत सात मासे असले तर सातच असतात.

कुणालाच माहीत नसलेली संख्या असू शकते का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक मूळ संख्या सापडली: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. ती पूर्ण लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. ती सप्टेंबरात मूळ नव्हती आणि ऑक्टोबरात झाली, असं म्हणायला कुणाचीही जीभ धजत नाही. ब्रिटिश गणिती हार्डी यानं १९४० मध्ये लिहिलं होतं की ३१७ मूळ आहे ते आपण तसं समजतो म्हणून नव्हे, ते तसंच आहे म्हणून. रामानुजन यांच्या पत्रातली सूत्रं पाहिलेला माणूस असं म्हणतो, याला मी महत्त्व देतो.

याहून खोल गोष्ट जर्मन गणिती कँटॉरची. त्यानं १८७४ मध्ये सिद्ध केलं की वास्तव संख्यांना, म्हणजे रेषेवरच्या सगळ्या संख्यांना, पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देऊन संपवता येत नाही. उलट एखाद्या ठरलेल्या भाषेत जेवढी नावं, जेवढी वर्णनं, जेवढी सूत्रं लिहिता येतील त्या सगळ्यांना क्रमांक देता येतात. याचा अर्थ असा की शून्य आणि एक यांच्यामध्येच अशा अगणित संख्या आहेत ज्यांना त्या भाषेत कधीच नाव मिळणार नाही. 'माणसाला माहीत असेल तीच संख्या' असं धरलं तर रेषा जवळजवळ सगळी रिकामी होते.

असतात तर मग त्या कुठे असतात?

इथे माझ्या बाजूची अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. संख्यांचं वेगळं, अविनाशी जग आहे असं मानणाऱ्यांची परंपरा ग्रीक प्लेटोपासून येते. अमेरिकन तत्त्वज्ञ पॉल बेनासेराफ यानं १९७३ मध्ये त्यांना विचारलं: ते जग जर स्थळकाळाच्या बाहेर असेल, तिथून आपल्याकडे उजेड येत नाही की आवाज येत नाही, तर आपल्याला त्याची खबर लागते कशी? त्याआधी १९६५ मध्ये त्यानंच आणखी एक पेच टाकला होता. संख्या संचांतून घडवायच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत सगळं अंकगणित बिनचूक चालतं. पण एका पद्धतीत १ हा ३ चा घटक ठरतो, दुसरीत ठरत नाही. मग खरा ३ कोणता? हार्ट्री फील्ड यानं तर १९८० मध्ये असं मांडायचा प्रयत्न केला की संख्या नाहीतच, त्या उपयोगी कल्पना आहेत, आणि त्यांच्याशिवायही भौतिकशास्त्र उभं करता येतं. डच गणिती ब्रौवर म्हणे की गणित म्हणजे मनाची रचना, आणि जे रचलं नाही ते खरंही नाही, खोटंही नाही.

मला बेनासेराफचे दोन्ही पेच खरे वाटतात. म्हणून संख्या कुठल्या तरी अदृश्य कोठारात ठेवलेल्या वस्तू आहेत असं मी म्हणत नाही. ३ म्हणजे २ नंतरची आणि ४ आधीची जागा, त्या साऱ्या क्रमातलं तिचं नातं. नात्याला 'कुठे आहे' असं विचारणंच चुकीचं आहे. मामा-भाच्याचं नातं मामाच्या घरात आहे की भाच्याच्या? पण या नात्यांबद्दलची विधानं खरी की खोटी हे आपण ठरवत नाही, एवढं मी सोडायला तयार नाही.

मग देवानं केल्या का?

जर्मन गणिती क्रोनेकर यांचं एक वचन सांगितलं जातं: पूर्ण संख्या देवानं केल्या, बाकी सगळं माणसाचं काम. आपल्याकडे उदयनाचार्यांनी तर संख्येवरूनच ईश्वर सिद्ध करायला घेतला. दोन परमाणू जुळून द्व्यणुक होतं, त्याचं परिमाण परमाणूंच्या द्वित्वातून येतं. द्वित्वाला अपेक्षाबुद्धी हवी, आणि सृष्टीच्या आरंभी माणूस तर नव्हता. म्हणून ती बुद्धी ईश्वराची. युक्तिवाद मानो न मानो, 'माणूस नसताना मोजलं कुणी' हा आपला प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. माझ्या मते संख्येवरून ईश्वर सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. श्रद्धावान माणसाला ८६५ चे अवयव ५ आणि १७३ च मिळतात, नास्तिकालाही तेच.

दहावीच्या मुलाला याचा काय उपयोग?

परीक्षेत एकही गुण मिळणार नाही. पण आमच्या मुलांना मराठी शाळेतून कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जावं लागतं तेव्हा इतिहास, विज्ञान, निबंध सगळं नव्या शब्दांत पहिल्यापासून उभं करावं लागतं. कित्येक हुशार मुलं त्या वर्षी गप्प होतात. मी त्यांना सांगतो की गणिताच्या तासाला तुझं उत्तर बरोबर असेल तर ते सरांच्या मर्जीवर नाही, माध्यमावर नाही, तुझ्या उच्चारावर तर नाहीच. फळ्यावर जाऊन ते दाखवता येतं. सरांचं चुकलं असेल तर तेही दाखवता येतं. स्वतःवरचा विश्वास टिकवायला त्या वयात एवढं पुरतं, हे मी पाहिलं आहे.

हा वाद खरोखर कुठे अडतो?

दोन ठिकाणं सांगतो.

पहिलं गोल्डबाखचं अनुमान, १७४२ चं. दोनापेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. बेळगाव शहराच्या पिनकोडचे पहिले तीन अंक घ्या: ५९० म्हणजे ३ आणि ५८७. संगणकानं ४ वर अठरा शून्यं इतक्या दूरवर तपासलं आहे, एकही अपवाद मिळालेला नाही. पण सिद्धता नाही. ब्रौवरच्या मते सिद्धता किंवा अपवाद मिळेपर्यंत हे विधान खरं की खोटं हे ठरलेलंच नाही. मला हे पटत नाही. प्रत्येक सम संख्या एकेक करून तपासता येते, प्रत्येकीचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. मग कुठेतरी अपवाद आहे किंवा कुठेच नाही. आपल्याला कळणं न कळणं त्यात काही घालत नाही.

दुसरं ठिकाण अवघड आहे. कँटॉरनं विचारलं: १, २, ३ या संख्यांचा अनंत लहान, रेषेवरच्या वास्तव संख्यांचा अनंत मोठा, या दोहोंच्या मधल्या आकाराचा एखादा अनंत आहे का? तर्कशास्त्रज्ञ गोडेल यानं १९४० पर्यंत दाखवलं की 'मधे काही नाही' हे आजच्या मान्य गृहीतकांवरून खोडता येत नाही. पॉल कोहेन यानं १९६३ मध्ये दाखवलं की ते सिद्धही करता येत नाही. म्हणजे ही गृहीतकं त्या प्रश्नावर गप्प आहेत. स्वतः गोडेल म्हणे की उत्तर आहे, आपली गृहीतकं अपुरी आहेत. दुसरे म्हणतात की इथे दोन वेगळी गणितं आहेत आणि कुठलं घ्यायचं ते आपण ठरवायचं.

गोल्डबाखपाशी मी ठामपणे उभा राहतो. इथे मला तेवढं ठाम राहता येत नाही, कारण सम संख्येसारखं एकेक करून तपासायला इथे काही हाती लागत नाही. १, २, ३ च्या बाबतीत उत्तर आपल्या हातात नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. रेषेवरच्या सगळ्या संख्यांबद्दल बोलताना मात्र आपण कदाचित सीमा आखत असू. नव्या गृहीतकांवर आज जगभर काम चालू आहे. त्यातलं एखादं इतकं स्वाभाविक निघालं की दोन्ही बाजूंनी ते न भांडता स्वीकारलं, तर गोडेलचं म्हणणं बरोबर होतं असं मी धरीन.